मुका निळा

पडद्यावरच्या बाईचे डोळे उघडे होते, आणि त्या उघड्या डोळ्यांच्या खाली तिचेच दुसरे डोळे मिटलेले होते. भिंगरीने खुर्ची मागे सरकवली. मग पुन्हा पुढे घेतली, कॅमेरा केसभर फिरवला आणि पाहिलं, तरी ते गेले नाहीत. वर तपकिरी बुबुळं, त्यांत पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका ठेवून चित्रकाराने आणलेलं पाणी. आणि खाली शिसपेन्सिलीच्या बारीक रेषेत दोन कमानी, झुकलेल्या, पापण्यांचे केससुद्धा काढलेल्या. चित्र तिच्या तळहाताएवढंही नव्हतं. हस्तिदंताच्या कागदासारख्या पातळ चकतीवर जलरंगात काढलेली कुणी तरुण बाई, खांद्यांवरून खालपर्यंत निळी शाल, चेहऱ्यावर ना हसू ना रडू. किती तरी पिढ्या ती अशीच काचेमागून समोर बघत होती, आणि बघणारे म्हणत आले होते की काय जिवंत डोळे आहेत! संग्रहालयाचे साहेब तर म्हणाले होते, "मला फक्त चेहरा तपासून द्या. प्रदर्शनाच्या फलकावर हेच डोळे जाणार आहेत, पुरुषभर उंचीचे." खोलीत दिवसाढवळ्या अंधार केलेला, यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी चालू. भिंगरीच्या मनात आपोआप वाक्य तयार झालं: मूळ रेखाटनात डोळे मिटलेले. आणि वाक्य तयार झाल्यावर ते तिला ऐकू आलं. डोळे मिटलेले. डोळे मिटले, असं आपण कुणाबद्दल म्हणतो ते तिला आठवलं. तिचा हात पोटावर गेला. पाचवा महिना होता.

सगळं संग्रहालय तिला भिंगरीच म्हणायचं. दिवसभर भिंगाला डोळा लावून बसते म्हणून हे नाव पडलं होतं; एरवी तिच्याइतकं एका जागी स्वस्थ बसणारं माणूस त्या इमारतीत दुसरं नव्हतं. काम बघण्याचं होतं, हात न लावता. रंगाचा कण खरवडायचा नाही, काच उघडायची नाही, श्वाससुद्धा तोंड वळवून सोडायचा. आधी तिरका साधा उजेड टाकायचा, त्यात रंगाचे उंचवटे कळतात; मग जांभळा, त्यात जुनी-नवी डागडुजी वेगवेगळी चमकते; आणि शेवटी तिसरा, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा, ज्यात लाल, गुलाबी, कातडीचे सगळे रंग विरघळून काचेसारखे होतात आणि खालची पेन्सिल तेवढी उरते. तो तिसरा उजेड लावण्याआधी ती दरवेळी मनातल्या मनात 'माफ करा' म्हणायची. कुणी शिकवलं नव्हतं. दार न वाजवता कुणाच्या खोलीत शिरावं तसं तिला वाटायचं, आणि एवढं म्हटल्याशिवाय बोट बटणावर पडायचं नाही. आज म्हटलं होतं का? म्हटलं होतं. तरीही आतली बाई अशी पडून होती की तिला आता कुणी काय माफ करणार! भिंगरीला ते घर दिसायला लागलं. कुणाची तरी मुलगी गेलेली, पडदे ओढलेले, चित्रकाराला घाईघाईने बोलावलेलं. तो उशाशी बसून आहे तसं काढतोय. आणि मग कुणीतरी, बहुधा आईनेच, मागून म्हटलेलं, असे नको. उघडे काढा. त्याने उघडे काढले.

असं काही सापडलं की बोलायचं नाही हा तिथला नियम होता. तिन्ही उजेड होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, कारण शब्द एकदा बाहेर पडला की तो पुढे चालायला लागतो आणि डोळा मुकाट्याने त्याच्या मागून जातो. तो नियम भिंगरीच्या अंगात इतका मुरला होता की यंत्रापाशी बसलेलं माणूस कधी गप्प झालं, कसं गप्प झालं, यावरून तिला खालचं काय ते कळायचं. म्हणूनच सोमवारी तिला कळलं होतं. सोनोग्राफीची डॉक्टर चांगली बोलकी बाई. पोटावर लावतात ते जेल गार लागतं म्हणून आधीच माफी मागून मोकळी झाली, आपल्या मांजराने सोफ्याचं काय केलं ते सांगायला लागली, आणि "मग मी त्याला म्हटलं—" इथे थांबली. मांजराला ती काय म्हणाली ते राहूनच गेलं. तिचा हात एकाच जागी, पुढे, मागे, जरा तिरका, पुन्हा पुढे. मग तिने पडदा बोटभर स्वतःकडे वळवला, अगदी सहज, मानेला बरं पडावं म्हणून वळवावा तसा. भिंगरी छताकडे बघत राहिली. ते बोटभर वळवणं तिचं स्वतःचं होतं. चित्राचे मालक शेजारी उभे असले की ती अगदी असाच पडदा वळवायची. "गुरुवारी परत या हं," डॉक्टर म्हणाली, "बाळ जरा अवघडून बसलंय. काळजीचं काही नाही." हेही तिचंच वाक्य होतं. ज्या चित्रांत काळजीचं खरंच काही नसतं, त्यांच्या मालकांना ती हे कधीच सांगत नसे.

दार उघडून मावशी आत आली. ही जुन्या चित्रांची डागडुजी करायची, निवृत्तीला आलेली. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची मावशी.

"काय गं भिंगरे, भूत बघितल्यासारखी काय बसलीस?"

"मावशी, हिचे डोळे बघा."

मावशीने चष्मा कपाळावर चढवला. जवळचं बघायला तिला चष्म्याची अडचणच व्हायची. पडद्याला नाक लागेल इतकी ती वाकली. मग म्हणाली, "अगं बाई."

"मेल्यावर काढलंय हिला."

"तिन्ही उजेड झाले?"

"झाले."

"सगळ्या चित्राचे?"

"चेहऱ्याचे. साहेबांना चेहराच हवाय. खाली शाल काळीठिक्कर येते. मुका आहे तो."

मुका म्हणजे मुका निळा. पुस्तकांत त्या रंगाला दुसरं मोठं नाव होतं, पण यांच्या खोलीत हेच चालायचं. बाकीचे रंग तिसऱ्या उजेडाला वाट देतात. हा एक निळा देत नाही, काळा पडून आडवा बसतो आणि खाली काय आहे त्याचा पत्ता लागू देत नाही. मावशीने दरवेळची चेष्टा केली, "मुका म्हणजे कुठला गं? न बोलणारा, की गालावर घ्यायचा?" आणि भिंगरीच्या हसण्याची वाट बघितली. मग हसू येत नाही असं बघून तिने खोलीचा दिवा लावला. "तोंड बघ कसं पिवळं पडलंय. दोन जिवांची बाई, आणि बसलीय मेलेल्यांच्या घोळक्यात. ऊठ, काहीतरी खाऊन ये. विद्यापीठात दुसरा कॅमेरा आलाय, तो म्हणे मुक्यालाही बोलता करतो. मी मागून घेते उद्यापुरता. तोवर साहेबांपाशी एक अक्षर काढायचं नाही. अर्धवट उजेडापेक्षा अंधार परवडला."

संध्याकाळी बसमध्ये ती उभी राहिली, बसायला जागा असूनही. बसलं की माणसांचे चेहरे समोर येतात. तरी ते आलेच. खांबाला धरून उभा असलेला एक लठ्ठ गृहस्थ पापण्या मिचकावत होता, आणि प्रत्येक मिचकावण्याच्या टोकाला, अगदी क्षणभर, ते मिटलेले डोळे तिला दिसत होते, जे एक दिवस तसेच राहणार होते. खिडकीशी एक मुलगी फोनकडे बघत होती. तिच्या पापण्या तर खाली होत्याच. भिंगरीने बाहेर बघितलं. लहानपणी रविवारी दुपारी वडील झोपले की ती त्यांच्या नाकाखाली बोट धरून बसायची. आई ओरडायची, अगं झोपू दे की त्यांना. पण वडील एक डोळा उघडून म्हणायचे, "आहे अजून." मग ती खेळायला जायची. त्या 'आहे अजून'वर सबंध आठवडा निघायचा. शेवटी इस्पितळात तिने तसंच बोट धरलं होतं, चांगली मोठी बाई असून, नर्स समोर उभी असून. आणि कितीतरी वेळ तिला वाटत राहिलं होतं की चेष्टा करताहेत, आत्ता एक डोळा उघडतील. आता ज्याच्या नाकाखाली बोट धरायचं होतं तो कातडीच्या, स्नायूंच्या, पाण्याच्या पलीकडे होता. तिथे बोट पोचत नव्हतं. तिथे तो डॉक्टरणीचा उजेड पोचला होता, आणि परत येऊन गप्प झाला होता.

घरी नवरा जिन्यातच भेटला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः कायम जिन्याने जायचा. "काय मॅडम, आज कितव्या मजल्यावर?" हे त्याचं रोजचं. मूड कसा आहे, असा त्याचा अर्थ. ती म्हणाली, "मधेच कुठेतरी." तो हसला, तिच्या हातातली पिशवी घेतली. वर आल्यावर हातपाय धुता धुता त्याने आतूनच विचारलं, "अगं, सोमवारचा तो फोटो कुठाय? बाळाचा? कामावर सगळे मागे लागलेत, दाखव म्हणून."

"नाही दिला."

"नाही दिला म्हणजे?"

"त्यांचा कागद संपला होता."

"एवढं यंत्र आणि कागद नाही! आमच्यासारखंच आहे म्हणायचं. लिफ्ट नवी कोरी, आणि बटणावर आकडे नाहीत."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कागद संपला होय," एवढंच म्हणाल्या, आणि एक शेंग, जरा जास्तच जोराने, दाबून उघडली. भिंगरी न्हाणीघरात गेली आणि आरशासमोर उभी राहिली. एक डोळा मिटून दुसऱ्याने त्याच्याकडे बघितलं. तो वेडावाकडा, ओढून धरलेला, खोटा मिटलेला दिसत होता. दोन्ही मिटले तर बघणार कोण? देवाने ही एक गोष्ट बरी केली आहे असं तिला वाटलं, की आपले मिटलेले डोळे आपल्याला दिसत नाहीत. आणि लगेच वाटलं की मग ते दुसऱ्या कुणाला तरी बघावे लागतात, आणि त्याची काय सोय केली आहे? बाहेर नवरा काहीतरी गुणगुणत होता. त्याला सांगायला हवं. काय सांगायचं? डॉक्टर मांजराची गोष्ट अर्धी टाकून गप्प झाली, हे? तो म्हणेल, एवढंच? आणि एवढंच नाही हे त्याला कसं पटवायचं, आणि का पटवायचं? गुरुवारी सगळं कळलं की सांगू. सगळे उजेड झाले की.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा आला. मावशीने तो मूल आणावं तसा दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला, आणि मग आपल्याच लक्षात आल्यासारखा पटकन टेबलावर ठेवला. दिवे मालवले. माफ करा, भिंगरी मनात म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच तिला उत्तर यावंसं वाटलं. निळा एकदम गेला नाही. काळ्याचा करडा झाला, करड्यात धुकं आलं, धुक्यात एक रेघ. कोपर. हाताची रेघ शालीच्या घडीशी जुळत नव्हती. वरच्या चित्रात हात खाली सोडलेला होता, हा वर वळलेला होता. मग पंजा, बोटं पसरलेली, कशाच्या तरी खाली आधाराला धरलेली. आणि त्यावर करंगळीच्या नखापेक्षाही लहान असा एक गोल. भिंगरीने तो मोठा केला. गोलावर कान होता. चित्रकाराने पेन्सिलीच्या टोकाने एवढ्याशा डोक्याला एवढासा कान काढला होता, आणि जावळाच्या दोनतीन रेषा. त्या कमानी, ते मिटलेले डोळे, त्यांच्यापासून मनाने रेघ ओढली तर ती थेट त्या कानाशी येत होती.

"मिटलेले नव्हतेच गं," मावशी हळूच म्हणाली. "खाली होते. पोराकडे बघतेय ती."

मिटलेले हा शब्द आधी आला होता आणि डोळे त्याच्या मागून गेले होते. खाली वळलेली पापणी आणि मिटलेली पापणी, पेन्सिलीच्या एका रेषेत दोघी सारख्याच. ही चूक तिच्याकडून कशी झाली? नवशिक्या पोरीकडून व्हावी तशी! ती बाई जिवंत होती. चांगली जिवंत, बसलेली, मांडीतल्या ओझ्याने खांदा जरासा खाली आलेली. भिंगरीच्या छातीतून एक श्वास मोकळा सुटला. आणि तो पुरता सुटायच्या आत तिला दुसरी गोष्ट दिसली, जी पडद्यावर मघापासूनच होती. बाई होती. मूल नव्हतं. ते होतं, आणि मग नव्हतं. कुणीतरी चित्रकाराला पुन्हा बोलावलं होतं. हात सोडून द्यायला सांगितला होता, डोळे उचलून समोर लावायला सांगितले होते. आणि मांडीतल्या त्या जागेवर त्याने निळा चढवला होता, रंगाचा एक हात, मग दुसरा, कान दिसेनासा होईपर्यंत. तिला कालची भीती परत हवीशी वाटली. कालची भीती बाईसाठी होती, आणि बाई अनोळखी होती.

मावशीने नेहमीची चेष्टा केली नाही. मुक्याखाली काय होतं ते समोर होतं, पोराचा गालसुद्धा होता. ती न केलेली चेष्टा खोलीभर ऐकू येत राहिली.

"का झाकलं असेल, मावशी?"

"ते यंत्र नाही सांगत, पोरी." मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि रंगांच्या कामामुळे कायम खरखरीत असलेला तो हात तसाच राहू दिला. "यंत्र सांगतं काय होतं, आणि कशाखाली आहे. का, ते ज्यांचं त्यांच्याबरोबर गेलं."

त्या दिवशी ती लवकर घरी आली. उन्हं अजून खिडकीत होती, नवरा यायचा होता. सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ती समोर उभी राहिली आणि चादरीची दोन टोकं धरली. चादर मधे धरून दोघी एकमेकींकडे चालत येतात, टोकं जुळवतात, पुन्हा मागे जातात. या कामात बोलणं सोपं जातं. तिने चित्राचं सांगितलं. स्वतःचं नाही, चित्राचंच. सासूबाईंना तिच्या कामाचं कौतुक कधीच नव्हतं. "मेलेल्यांची तोंडं बघून पोट भरायचं म्हणजे नशीबच," हे त्यांचं ठरलेलं मत होतं. पण आज त्या ऐकत राहिल्या.

"मग पोर गेलं असणार," भिंगरी म्हणाली, "आणि पुसून टाकलं."

"कशाने पुसलं म्हणालीस?"

"शाल रंगवली वरून. निळी."

सासूबाई चादर घेऊन जवळ आल्या, टोकं जुळवली, पण मागे गेल्या नाहीत. "मग पुसलं कुठं गं? पांघरलं."

भिंगरीने चादरीवरून मान वर केली.

"पुसायचं असतं तर ओल्या फडक्याने पुसता आलं असतं की. पाण्याचेच रंग ना ते? तू अंघोळ घातलेलं पोर बघितलंस कधी? गार पडतं ते. पहिलं काम पांघरायचं." त्या चादरीच्या कडेवरून हात फिरवत होत्या, नसलेली सुरकुती काढत. "ह्याच्या, तुझ्या नवऱ्याच्या, आधी एक मुलगा होता मला. ह्याला ठाऊक नाही. कशाला सांगायचं? त्या पोराने डोळेच उघडले नाहीत नीट. माझी सासू म्हणाली, बघू नकोस हो, माया लागेल. मोठी माणसं सांगायची ते ऐकायचं, असं होतं तेव्हा. मी भिंतीकडे तोंड करून निजले. नेताना त्याच्या अंगावर कुणी काही घातलं होतं का नव्हतं, ते मला आजतागायत माहीत नाही." कडेवरचा हात तसाच फिरत होता. "थंडीचे दिवस होते."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग सासूबाईंनी अगदी वेगळ्या, रोजच्या आवाजात विचारलं, "आता सांग. कागद खरंच संपला होता का?"

तिने सांगितलं. मांजर, बोटभर वळलेला पडदा, गुरुवार, सगळं. सांगताना ते इतकं थोडं निघालं की तिचीच तिला लाज वाटली, आणि सांगून झाल्यावर रडू आलं. सासूबाईंनी चादर सोडून दिली; जुळवलेली टोकं जमिनीवर पडली.

"आणि हे एकटी घेऊन फिरतेस? त्याला का नाही सांगितलंस?"

"सगळं कळलं की सांगणार होते."

"सगळं कधी कळतं गं कुणाला?"

गुरुवारी ती निघाली तर नवरा दारात बूट घालून तयार. कामाच्या कपड्यांत नव्हता. "आईने सांगितलं," एवढंच म्हणाला. इस्पितळापर्यंत तो बोलला नाही, आणि एरवी ज्याची बडबड थांबवायला हात जोडावे लागतात तो माणूस बोलत नाही हे तिला सोसवेना. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "लिफ्टमध्ये माणसं अडकली ना, की आम्ही आधी हत्यारं काढत नाही. आधी दाराला तोंड लावून बोलायला लागतो. काहीही. नाव काय, कुठे निघाला होता, जेवलात का. दुरुस्ती मागाहून. कारण गप्प बसलं की आतलं माणूस घाबरून दार फोडायला बघतं. आणि तू आत अडकलीस, आणि मला बाहेरून हाकसुद्धा मारू दिली नाहीस."

"मला वाटलं, नक्की कळल्यावर—"

"माझी अक्कल आधी बोलण्याएवढीच आहे म्हण," तो म्हणाला, आणि तिचा हात धरला, जरा रागातच.

डॉक्टरने आज मांजराचा विषय काढला नाही. जेल गार होतं. हात पुन्हा त्याच जागी गेला. पुढे, मागे, तिरका. खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर. गप्पपणा पसरायला लागला, भिंगरीच्या चांगल्या ओळखीचा, घोट्यापर्यंत आला, गुडघ्यापर्यंत आला. नवरा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. आणि ती, जिने सगळ्या नोकरीत कुणा यंत्रापाशी बसलेल्या माणसाला कधी मधेच विचारलं नव्हतं, ती म्हणाली, "काय शोधताय ते बोला. नाही सापडलं तरी बोला."

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं. मग पडदा त्या दोघांकडे पुरता वळवला. "हृदय. हे बघा, हा चालतोय ना ठोका? तीन कप्पे मला दिसताहेत. चौथा दिसत नाही. सोमवारीही दिसला नव्हता. बाळ पाठ वर करून असं वेटोळं घालून बसलंय की कण्याची सावली नेमकी त्याच्यावर पडते. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. पण आहे, असंही न बघता म्हणणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. उठा, बाहेर जाऊन चाला जरा. हललं तर हललं. वळलं की बघू."

बाहेरचा बोळ लांबलचक होता. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर बायका, कुणाच्या मांडीवर पर्स, कुणाच्या मांडीवर नुसतेच हात. एका टोकाला फरशी पुसून ओली ठेवलेली, तिथून परत फिरायचं. सावलीखाली काय आहे? भिंगरी चालत होती. नवऱ्याने दंडाला धरलं होतं, आणि आता तो बोलत होता, थांबतच नव्हता. कुणाच्या तरी इमारतीत एक गृहस्थ कपाट घेऊन लिफ्टमध्ये शिरले होते, कपाट उभं, स्वतः कपाटाच्या आत, कारण बाहेर जागाच नव्हती, आणि दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट बंद पडली. "मी म्हटलं, साहेब, कुठे आहात? तर ते म्हणतात, कपाटात. मला वाटलं माणूस भ्रमिष्ट झाला." एरवी ती हसली असती. बाकावरची एक बाई हसली. भिंगरी ओल्या फरशीपर्यंत गेली, वळली, परत निघाली. तीन आहेत. चौथा दिसत नाही. तीन आहेत. पावलाबरोबर ते मोजणं आपोआप चालू झालं होतं आणि तिला ते थांबवता येत नव्हतं.

आणि तेव्हा आतून कुणीतरी हात लावला. टिचकीसारखा, कापडाआडून बोट टेकवावं तसा, डाव्या बाजूला, खाली. तिला आधी कळलंच नाही. मग पुन्हा, या वेळी जास्त मोठा, सरकत गेलेला, जणू कुणी झोपेत कुशीवर वळलं. बायका सांगायच्या की आनंद होतो. तिला भीतीच वाटली. इतके दिवस ती एका न दिसणाऱ्या जागेला भीत होती; आता त्या जागेत कुणीतरी होतं, ज्याला कूस बदलायची होती, जे सावलीत अवघडलं होतं. ही भीती निराळी होती. हिला चार कप्पे सापडूनही उतार पडणार नव्हता. थांबलं तर तेही थांबेल असं वाटून ती थांबली नाही, चालतच राहिली, आणि चालता चालता नवऱ्याचा हात दंडावरून काढून तिने पोटाशी धरला.

तो वाक्याच्या मधेच गप्प झाला. त्याचा चेहरा तिने बघितला नाही. बोळाच्या त्या टोकाला दार उघडलं, डॉक्टर बाहेर डोकावली, त्यांना आत या म्हणून खुणावलं.

"थांबू नकोस," भिंगरी म्हणाली. "बोल."

"काय बोलू?" त्याने विचारलं.

दार अजून बरंच लांब होतं.

"त्या कपाटातल्या माणसाचं," ती म्हणाली. "मग? पुढे काय झालं?"